‘एल शद्दाई’ खेळण्याची आणि त्यावर चर्चा घडवण्याची रीत

‘एल शद्दाई : असेन्शन ऑफ द मेटाट्रॉन’ हा जपानी अ‍ॅक्शन गेम २०११ साली प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या यंत्रांसाठी प्रसिद्ध झाला, आणि त्याच्याविषयी तेव्हा पडलेले दोन तट आजही मिटलेले नाहीत. त्याची दृश्ये अपूर्व आहेत हे बहुतेक सर्वांना मान्य आहे. वाद पुढे सुरू होतो : एका पक्षाला त्यातील लढाई फार साधी, उड्या त्रासदायक आणि कथा अगम्य वाटते, तर दुसरा पक्ष याच गोष्टींकडे विचारपूर्वक केलेला संयम म्हणून पाहतो. २०२१ मध्ये हा गेम संगणकासाठी स्टीम या ऑनलाइन दुकानात आणि २०२४ मध्ये निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आल्यामुळे तो आता आपल्याकडेही सहज खेळता येतो. वडोदऱ्यातील आपली मराठी तरुण मंडळी चित्रे, गाणी आणि नाटके यांवर तासन्‌तास वाद घालतात, मात्र गेमवर बोलताना ‘मस्त आहे’ किंवा ‘बोअर आहे’ यापुढे क्वचित जातात. त्यांच्यासाठी ही रीत लिहिली आहे. एवढ्या टोकाची मते असलेली कृती कशी खेळावी, स्वतःचे मत कसे तयार करावे आणि चार जणांत बसून ते कसे मांडावे, हा तिचा विषय आहे.

पहिले काम कंट्रोलर हातात घेण्याआधीचे आहे : कथा वाचून घ्या. एरवी कथा आधी कळली तर रस जातो असे आपण म्हणतो, परंतु या गेमच्या बाबतीत माझे मत नेमके उलटे आहे. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. तेथील गंगावतरणासमोर उभे राहिल्यावर आपल्याला खाली पाटी वाचावी लागत नाही, कारण भगीरथ आणि शंकर ही मंडळी लहानपणापासून ओळखीची असतात आणि त्यामुळे डोळा लगेच रेषेकडे, लयीकडे आणि रचनेकडे वळू शकतो. ज्याला ती कथाच ठाऊक नाही त्याचा अर्धा वेळ कोण कोण आहे हे शोधण्यात जाईल. ‘एल शद्दाई’ पाहताना आपण त्या दुसऱ्या माणसाच्या जागी असतो. ‘कथा कळत नाही’ ही तक्रार खोटी नाही, तथापि तिचा मोठा भाग अर्ध्या तासाच्या वाचनाने दूर होतो.

वाचायचे ते फार नाही. मराठी बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या पाचव्या अध्यायात हनोख नावाचा पुरुष येतो, तो ३६५ वर्षे जगला, देवासोबत चालला आणि देवाने त्याला नेले, एवढेच तेथे सांगितले आहे. या त्रोटक उल्लेखाभोवती पुढे ‘हनोखचे पुस्तक’ हा प्राचीन यहुदी ग्रंथ उभा राहिला, जो इथिओपियातील ऑर्थोडॉक्स चर्च आजही पवित्र मानते. त्यात स्वर्गातील राखणदार देवदूत मानवी स्त्रियांच्या मोहाने पृथ्वीवर उतरतात, त्यांच्यातला अझाझेल माणसांना शस्त्रे घडवायला शिकवतो, या संबंधांतून नेफिलिम नावाची राक्षसी संतती जन्मते आणि शेवटी महापूर येतो. नंतरच्या यहुदी परंपरेत हनोखचेच रूपांतर मेटाट्रॉन या थोर देवदूतात झाले असे मानतात, आणि गेमच्या शीर्षकाचा उलगडा तेथे होतो. गेममध्ये आपण ज्याला चालवतो तो हनोख हा स्वर्गातील लेखनिक आहे. पृथ्वीवर पळून गेलेल्या सात देवदूतांना शोधून परत आणावे आणि महापूर टाळावा, हे काम त्याच्याकडे सोपवले जाते. त्यांचा बुरूज शोधण्यातच त्याची ३६५ वर्षे जातात, म्हणजे मूळ ग्रंथातील आयुष्याचा आकडा येथे प्रवासाचा आकडा झाला आहे.

एवढे माहीत असले की हनोखला सोबत करणाऱ्या लुसिफेल या पात्राने गोंधळ होत नाही. तो काळाच्या बाहेर राहतो, आधुनिक कपडे घालतो आणि मोबाइलवर देवाशी बोलतो. अनेकांना येथे थट्टा दिसली. नारदीय कीर्तन ऐकलेल्या मराठी माणसाला मात्र यात विशेष खटकण्यासारखे काही वाटू नये, कारण बुवा आख्यानाच्या भर रंगात आजच्या काळाचा दाखला देतात आणि त्याने मूळ कथेचे पावित्र्य कमी होत नाही. तरीही ज्यांना ही सरमिसळ रुचत नाही त्यांचा आक्षेप चर्चेत ऐकून घ्यावा. धर्मग्रंथातील व्यक्तीला जीन्स घातलेली पाहणे कुणाला बोचू शकते, आणि ती बोच अज्ञानातून आलेली असते असे समजण्याचे कारण नाही.

आता हाताविषयी, आणि येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बहुतेक भांडणे इथलीच आहेत. संगणकावर खेळणार असाल तर कीबोर्ड बाजूला ठेवून कंट्रोलर वापरा. हल्ल्याचे बटण एकच आहे. ते एका लयीत दाबले तर प्रहारांची एक मालिका होते, आणि मध्ये क्षणभर थांबून दाबले तर वेगळा प्रहार निघतो. म्हणजे शिकायची गोष्ट बटणांच्या जुळण्या नाही, दोन दाबण्यांमधले अंतर आहे. जो खेळाडू इतर अ‍ॅक्शन गेमच्या सवयीने बटण भराभर ठोकत राहील त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच मालिका दिसेल, आणि ‘लढाईत वैविध्य नाही’ असे तो प्रामाणिकपणे सांगेल. पहिल्या तासात मुद्दाम सावकाश खेळा आणि प्रत्येक प्रहाराचा आवाज ऐका.

शस्त्रे तीनच आहेत : आर्च हे कमानीसारखे पाते, गेल हे दुरून मारा करणारे हलके अस्त्र, आणि व्हेल ही ढाल, जी दुभंगून दोन्ही मुठींवर चढते. शस्त्र शत्रूकडून हिसकावून घ्यावे लागते आणि वापरता वापरता ते मलिन होऊन लाल होत जाते, तेव्हा थांबून ते शुद्ध करावे लागते. शुद्ध करण्याच्या त्या क्षणात हनोख असुरक्षित असतो. माझ्या मते संपूर्ण गेममधील सर्वांत सुंदर कल्पना हीच आहे, कारण भ्रष्ट झालेल्या देवदूतांची कथा येथे संवादातून न सांगता हाताला करायला लावलेली आहे. ही क्रिया कंटाळवाणा अडथळा मानली तर गेम तुम्हाला रखडवत आहे असे वाटेल. ती लढाईचाच भाग मानून योग्य क्षण शोधू लागलात तर लढाईला श्वास मिळतो.

पडद्यावर शक्ती दाखवणारी पट्टी नसते. हनोखचे चिलखत तुटत जाते, त्यावरून त्याची अवस्था ओळखायची; तो कोसळला की बटणे वेगाने दाबत राहून त्याला पुन्हा उभे करता येते. सुरुवातीच्या काही भेटींत बलाढ्य देवदूत अचानक समोर येतो आणि त्याच्याकडून हरलात तरी कथा पुढे सरकते. हे आधी सांगून ठेवलेले बरे, नाहीतर नवा खेळाडू तेथेच वैतागतो. चिलखताचीही एक कथा आहे : गेम येण्यापूर्वी, २०१० साली, त्याच्या ट्रेलरमध्ये लुसिफेल हनोखला एवढ्या चिलखतावर भागेल का असे विचारतो आणि हनोख काही अडचण नाही असे उत्तर देतो. हा संवाद जपानमध्ये इंटरनेटवर इतका पसरला की लोक गेमआधी त्याच्यावरचे विनोद ओळखू लागले. अशी प्रसिद्धी मिळालेल्या कृतीकडून लोक काहीतरी खेळकर अपेक्षितात. गंभीर, मितभाषी गेम हाती पडल्यावर काहींची निराशा झाली असेल तर नवल नाही.

उड्यांच्या बाबतीत मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे. कॅमेरा खेळाडूच्या ताब्यात नाही, आणि दृश्ये इतकी सपाट किंवा धूसर रंगवलेली आहेत की पुढचा कठडा किती दूर आहे याचा अंदाज पुष्कळदा येत नाही. येथे चित्रकाराने खेळाडूवर मात केली आहे आणि ती उणीवच आहे. व्यवहाराचा उपाय असा की आर्च हाती असताना उडी मारावी, कारण ते धरून हनोख हवेत तरंगत हळू उतरतो, आणि उडीच्या मध्यावर पडद्याकडे न पाहता त्याच्या सावलीकडे पाहावे. गेम बाजूने दिसणाऱ्या द्विमितीय भागात जातो तेव्हा ही अडचण नाहीशी होते. ते भाग नवख्या माणसाच्या हाती देण्यास उत्तम.

डोळ्याने काय पाहावे यासाठी दिग्दर्शकाची पार्श्वभूमी उपयोगी पडते. सावाकी ताकेयासू यांनी आधी ‘डेव्हिल मे क्राय’ आणि ‘ओकामी’ या गेमसाठी पात्रांचे काम केले होते. यांपैकी पहिला चपळ लढाईसाठी ओळखला जातो, दुसरा जपानी शाईचित्रांसारख्या रूपासाठी. ‘एल शद्दाई’मध्ये प्रत्येक देवदूताने आपापल्या मजल्यावर आपले जग उभारले आहे, त्यामुळे प्रकरण बदलले की चित्रशैलीच बदलते : कुठे पाण्यात सोडलेल्या रंगासारखे आकाश, कुठे रंगीत काचेसारखी भूमी, आणि अझाझेलच्या राज्यात तर झगमगते भावी शहर, ज्यात हनोख मोटारसायकलवर धावतो. खेळताना प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी पाच मिनिटे कोणाशीही न लढता फक्त चालावे आणि हे जग ज्याने बांधले त्या देवदूताविषयी ते काय सांगते, असा प्रश्न स्वतःला विचारावा. नेफिलिमांचा भाग मात्र चालत पाहण्याचा नाही, मन लावून खेळण्याचा आहे. ते मऊ, गोलमटोल, निरागस जीव काय होतात हे मी येथे सांगणार नाही. ज्यांना सगळा गेम रुक्ष वाटतो त्यांच्यापैकीही काही जण तेथे गलबलतात.

आता चर्चेकडे येऊ. पूर्ण गेम साधारण दहा तासांचा आहे, म्हणून तो एका बैठकीत उरकण्याचा हट्ट धरू नये. चार-पाच जणांनी दर शनिवारी एकाच्या घरी जमावे, कंट्रोलर फिरता ठेवावा आणि खेळणाऱ्याला बाकीच्यांनी सूचना देऊ नयेत. हा शेवटचा नियम क्षुल्लक वाटेल, पण ‘डावीकडे, डावीकडे’ असा गजर सुरू असताना कोणालाही प्रहारांमधले अंतर ऐकू येत नाही. खेळलेल्या आणि नुसत्या पाहिलेल्या माणसांची मते वेगळी नोंदवावीत. या गेमच्या बाबतीत पाहणारे बहुधा भारावलेले असतात आणि खेळणारे थोडे त्रासलेले. दोघांना एकाच प्रश्नाचे उत्तर मागितले तर भांडण होणारच. घरातील काका किंवा आजोबा मागे बसून पाहत असतील तर त्यांनाही बोलते करावे, कारण चित्र त्यांना अनेकदा आपल्याआधी दिसते. वडोदऱ्यात अशा बैठकीला गुजराती मित्र असणारच, तेव्हा ज्याला ज्या भाषेत नेमके सांगता येईल त्या भाषेत सांगू द्यावे.

चर्चेची सुरुवात ‘आवडला का’ या प्रश्नाने करू नये. प्रत्येकाने आधी एकच क्षण निवडून त्याचे वर्णन करावे : पडद्यावर काय होते, हाताने काय केले, त्यानंतर काय वाटले. मग त्याच क्षणाविषयी वेगळा अनुभव असलेल्याने बोलावे. ‘लढाई साधी आहे’ असे कोणी म्हटले तर त्याला कोणत्या गेमच्या तुलनेत, असे विचारावे. उत्तर बहुधा एखाद्या जलद, गुंतागुंतीच्या अ‍ॅक्शन गेमचे येते, आणि मग खरा मुद्दा समोर येतो की कमी साधनांतून परिणाम साधण्याची कसोटी आपण मानतो की नाही. आपल्या शहरात ही कसोटी समजावणे सोपे आहे. महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे पाहावीत, जेथे वस्त्राची घडी आणि दागिन्याची चमक हुबेहूब उतरली आहे, आणि मग पुन्हा कीर्तिमंदिरात जावे, जेथे नंदलालांनी छाया-प्रकाशाचा मोह टाळून बरेचसे काम रेषेवर सोपवले. दोन्हींवर प्रेम करणारी माणसे आहेत, एकावरच करणारीही आहेत, आणि त्यांच्यात दृष्टिदोष कोणाचाच नाही. उलट बाजूलाही प्रश्न विचारायला हवा : जो प्रत्येक उणिवेला ‘ही कला आहे’ म्हणून पाठीशी घालतो, त्याने चुकलेली उडी नेमका कोणता अर्थ देते ते सांगावे. सांगता आले नाही तर ती उणीव म्हणून वहीत नोंदवावी.

पैशाचा आणि मालकीचा विषय निघाल्यास एक गोष्ट हाताशी ठेवावी, कारण ती आपल्याकडे फारशी माहीत नाही. हा गेम बनवणारी इग्निशन ही कंपनी तेव्हा यूटीव्ही या मुंबईच्या मनोरंजन कंपनीच्या मालकीची होती. म्हणजे एका प्राचीन यहुदी ग्रंथावर जपानी चित्रकाराने उभारलेल्या या विलक्षण प्रयोगामागे भारतीय कंपनीचे पाठबळ होते. पुढे यूटीव्ही डिस्नेकडे गेली आणि इग्निशनचे काम थांबले. गेमचे हक्क नंतर ताकेयासू यांच्या स्वतःच्या क्रिम या कंपनीकडे आले, आणि स्टीमवरील आवृत्ती तिनेच काढली आहे. विकत घेताना ती किंवा स्विचची आवृत्ती घ्यावी. जुने यंत्र आणि जुनी डिस्क शोधत बसण्याची गरज नाही.

शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने आपले मत कागदावर अर्ध्या पानात लिहावे, आणि त्यात एक वाक्य विरुद्ध पक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याविषयी असावे. ही पाने एकत्र ठेवावीत. पुढचा गेम निवडताना ज्याचे पान सर्वांत नाराज होते त्याला निवडीचा पहिला हक्क द्यावा.