लायब्ररी पोर्ट करण्याच्या स्पर्धेची आखणी

नव्या प्लॅटफॉर्मकडे डेव्हलपर वळावेत असे वाटत असेल, तर त्यांच्या रोजच्या वापरातील ओपन सोर्स लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार, खुला कोड) तिथे आधी चालायला हव्यात. त्या तिथे चालतील अशा करण्याचे, म्हणजेच ‘पोर्ट’ करण्याचे, काम स्पर्धेतून करून घेता येते. मात्र बक्षीस नेमके कशाला द्यायचे हे पक्के झाल्याशिवाय स्पर्धा जाहीर करू नये. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या दर ऑक्टोबरमधील ओपन सोर्स उपक्रमात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट (कोडमधील बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये रीडमी या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये एखाददुसरा शब्द घुसडलेल्या निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला, की ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली आहे त्यांच्यापुरतीच स्पर्धा मर्यादित करण्याचा नियम आयोजकांना ऐन ऑक्टोबरमध्ये आणावा लागला.

त्यामुळे सर्वप्रथम लायब्ररींची यादी करावी आणि प्रत्येक मेंटेनरला (लायब्ररीची देखभाल करणाऱ्याला) लेखी विचारावे. ज्याला नवा प्लॅटफॉर्म सांभाळायचाच नाही, त्याची लायब्ररी यादीतून वगळावी; अन्यथा पोर्ट केलेला कोड फोर्कमध्ये, म्हणजे मूळ कोडच्या वेगळ्या प्रतीत, पडून राहतो आणि वर्षभरात कालबाह्य होतो.

‘पोर्ट झाले’ याची व्याख्या नियमावलीत स्पष्ट असावी, कारण कोड कंपाइल होणे (मशीनच्या भाषेत रूपांतरित होणे) म्हणजे तो चालणे नव्हे. सी भाषेतील ‘कॅरेक्टर’ हा प्रकार एक्स८६ प्रोसेसरच्या लिनक्सवर साइन्ड (उणे मूल्येही घेणारा) असतो, तर आर्म प्रोसेसरच्या लिनक्सवर अनसाइन्ड (उणे मूल्ये न घेणारा). फाइलमधून वाचलेले अक्षर अशा व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याची तुलना फाइल संपल्याची खूण असलेल्या उणे एकशी केली, तर आर्मवर ते मूल्य २५५ होते, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप संपत नाही. कंपाइलर मात्र बहुधा मुकाट्याने कोड स्वीकारतो. म्हणून मूळ टेस्ट संच प्रत्यक्ष हार्डवेअरवर पूर्ण उत्तीर्ण होणे ही किमान अट ठेवावी, आणि ते हार्डवेअर स्पर्धकांना दुरून वापरता येईल अशी सोय आयोजकांनीच करावी. केवळ एम्युलेटरवर (त्या हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) भागवणे धोक्याचे आहे. मेमरी ऑर्डरिंगमधील (मेमरीतील वाचन-लेखनाच्या क्रमातील) चुका तिथे सहसा दिसत नाहीत.

बक्षिसाची रक्कम दोन हप्त्यांत विभागावी, असे माझे मत आहे. सगळी रक्कम मर्जवर (कोड मूळ लायब्ररीत सामावून घेतला जाण्यावर) अवलंबून ठेवली, तर विनावेतन काम करणाऱ्या मेंटेनरवर स्पर्धेच्या मुदतीचे ओझे पडते आणि स्पर्धकही त्याच्यामागे तगादा लावतात. अर्धी रक्कम परीक्षकांच्या तपासणीनंतर आणि उरलेली मर्ज झाल्यावर द्यावी. मेंटेनरने केलेल्या रिव्ह्यूचेही मानधन ठेवावे. ही बाब आयोजक हमखास विसरतात.

योगदान मूळ लायब्ररीच्याच लायसन्सखाली राहील, हे नियमांत एका वाक्यात नमूद करावे. निकालानंतरही तपासणीसाठी दिलेली मशीन काढून घेऊ नयेत, कारण पुढच्या प्रत्येक रिलीजची चाचणी नव्या प्लॅटफॉर्मवर घ्यायची तर मेंटेनरला तीच लागणार आहेत.