जुन्या बाजारातून पोर्ट्रेट आणलंत? या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, नाहीतर मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरच्या दुकानांत, भिंतीला टेकवून ठेवलेला एखादा फेटेवाला गृहस्थ हमखास भेटतो. तैलरंगातलं काम, पिवळं पडलेलं व्हार्निश, कोपऱ्यात अर्धवट सही. भाव जमला की माणूस ते उचलून घरी आणतो आणि पहिल्या तासात सहीचा फोटो काढून गूगलला विचारतो. काहीच सापडत नाही. मग एकतर उत्साह मावळतो, नाहीतर ओढूनताणून कुठल्यातरी बड्या चित्रकाराचं नाव चिकटवलं जातं.

खरी गफलत त्याआधीच झालेली असते. चित्रकार अप्रसिद्ध असेल तर त्याची सही फार काही सांगत नाही. चित्रातला माणूस कोण, हे आधी शोधायचं. त्या काळात ज्याचं तैलचित्र काढलं जाई तो वकील, मामलेदार, सावकार, हेडमास्तर, शाळेला जागा देणारा दाता असा गावात कोणीतरी असायचा. त्याची नोंद कुठे ना कुठे उरते. ज्या ड्रॉइंग मास्तरांनी सुट्टीच्या दिवशी बसून ते रंगवलं, त्यांची उरेलच असं नाही.

विक्रेत्याला काही न विचारता निघून येणं

ही चूक पुढे सुधारता येत नाही, म्हणून तिचा नंबर पहिला. कोणता वाडा पाडला, कोणत्या पेठेतला, माल कधी आला, हे विक्रेत्याला आज आठवतं. दिवाळीनंतर विचाराल तर तो खांदे उडवेल. काही जण मुद्दाम थापही मारतात. ‘संस्थानिकांच्या घरचं आहे’ हे वाक्य तर पाठच असतं. तरी जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारखेसकट.

आणि त्याच घरातून आणखी काय आलंय ते पाहा. एका वाड्याचा माल एकाच ढिगात येतो. लग्नाचा ग्रुप फोटो, मानपत्राची फ्रेम, नाव घातलेलं पितळेचं भांडं, लेटरहेड, जुनी वही. विक्रेता हे किरकोळीत देतो आणि आपण ‘अडगळ’ म्हणून सोडून येतो. मानपत्रात नाव, गाव, हुद्दा आणि तारीख हे चारही छापलेले असतात, आणि चेहऱ्याची खात्री ग्रुप फोटोवरून करता येते. चित्रावर घासाघीस करून वाचवलेले पैसे या ढिगावर घाला.

बटाटा, कांदा, साबणाचं पाणी

कापलेल्या बटाट्याने चित्र पुसा, खोबरेल लावा, टचवुडचा (लाकडाच्या पॉलिशचा) हात मारा, असे सल्ले घरोघरी मिळतात. यातलं काहीही करू नका. तडकलेल्या रंगाच्या भेगांत पाणी गेलं की खालचा अस्तराचा थर फुगतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. बटाट्यातला स्टार्च चित्रावरच राहतो, आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं जेवण मिळतं. मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच धूळ काढणं, तेही रंग कुठेच सुटत नसेल तर, एवढीच घरची मर्यादा. पापुद्रे सुटत असतील तर चित्र आडवं, रंगाची बाजू वर करून ठेवा, बबल रॅप थेट रंगाला लागू देऊ नका, आणि कला-संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संवर्धन विभाग आहे. निदान कोणाकडे जावं हे तरी तिथे विचारता येतं.

मागची बाजू न पाहता नवी फ्रेम करणं

फ्रेमवाल्याकडे टाकलं की तो सवयीने जुना पुठ्ठा, गंजके खिळे, मागे चिकटवलेलं वर्तमानपत्र सगळं कचऱ्यात टाकतो. चित्राचा अर्धा इतिहास तिथेच जातो. काही उघडण्याआधी मागच्या बाजूचे फोटो काढा: आधी पूर्ण, मग चारही कोपरे, मग प्रत्येक शिक्का, लेबल आणि पेन्सिलची खूण.

कॅनव्हासवर लंडनच्या विन्सर अँड न्यूटनसारख्या कंपनीचा शिक्का सापडू शकतो. त्यावरून कॅनव्हास कुठून आला ते कळतं, चित्रकार विलायती होता असं अजिबात नाही. मुंबईतले चित्रकारही तोच माल वापरत. कॅनव्हास लाकडी चौकटीला छोट्या खिळ्यांनी ठोकलाय की स्टेपलरच्या पिनांनी, तेही बघा. पिना असतील तर तो ताणला गेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पण जुनं चित्र नंतर पुन्हा ताणलेलं असू शकतं, तेव्हा काठावर आधीच्या खिळ्यांची भोकं शोधा. लेबलवर सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. लेबल फ्रेमचं असतं, चित्राचं नव्हे. फ्रेममेकरच्या नावाला चित्रकार समजून महिनोन्‌महिने शोधत बसलेले लोक कमी नाहीत.

१८४२ म्हणजे इसवी सन १८४२?

सहीखाली देवनागरीत ‘१८४२’ दिसलं की घेणाऱ्याचे डोळे चमकतात. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ चं. त्याच्याही आधीचं तैलचित्र हाती लागलं! जरा थांबा. मराठी माणूस शके लिहायचा. शकात ७८ मिळवा (जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या भागासाठी ७९), म्हणजे शके १८४२ हे १९२०-२१ होतं. अंगावरचा कोट, मनगटावरचं घड्याळ किंवा चष्म्याची काडी यांच्याशी कोणता आकडा जुळतो ते पाहा. मागच्या बाजूला मोडीत काही असेल तर स्वतः अंदाज बांधू नका. मोडी वाचणारी मंडळी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परिसरात आणि इतर शहरांतही भेटतात, आणि दोन ओळी आनंदाने वाचून देतात.

आणखी एक. चित्राची तारीख ही माणसाच्या हयातीतली असेलच असं नाही. वडील गेल्यावर स्टुडिओतल्या फोटोवरून तैलचित्र करून घेण्याची रीत सर्रास होती. कपडे एका पिढीचे आणि कॅनव्हास पुढच्या पिढीचा, असं दिसलं तर गोंधळू नका.

रंगवलेला फोटो की चित्र?

दहापट भिंग घ्या आणि गालावर धरा. रांगेत बसलेले ठिपके दिसले तर ते छापील आहे. ठिपके नाहीत, पण चेहरा पूर्ण गुळगुळीत आणि फेट्याच्या जरीवर, अंगरख्याच्या घडीवर मात्र रंगाचा जाड हात, असं असेल तर मोठ्या केलेल्या फोटोवर रंगकाम केलेलं असण्याची शक्यता दाट. यात हिरमुसण्यासारखं काही नाही. फोटो स्टुडिओचं नाव मिळालं तर शोध उलट सोपा होतो.

भिंग हातात आहेच तर सहीही बघून घ्या. जुना रंग वाळून तडकतो तेव्हा सहीसुद्धा त्याच भेगेने तुटते. सहीचा रंग भेगेत उतरून साचलेला दिसला तर चित्र तडकल्यावर कोणीतरी ती घातलेली आहे, भाव वाढावा म्हणून. ही तपासणी दोन मिनिटांची, आणि शक्यतो पैसे देण्याआधीची.

बड्या नावाचा मोह

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं ‘ग्लो ऑफ होप’ कितीतरी वर्षं लोक राजा रवी वर्मांचं म्हणून सांगत आले, कॅलेंडरांवरही तसंच. रवी वर्मा १९०६ साली गेले. हे जलरंगचित्र १९४० च्या दशकातलं, सावंतवाडीहून आलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. समई घेऊन उभी राहिलेली त्यांची मुलगी, गीता उपळेकर. शंभरी ओलांडलेल्या गीताताई २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, तेव्हाच्या बातम्यांमुळे खरा चित्रकार कोण हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. एवढ्या प्रसिद्ध चित्राची ही कथा, तर जुन्या बाजारातल्या फेटेवाल्याची काय बात! आणि इथेही चित्रकारापर्यंत नेलं ते चित्रातल्या व्यक्तीनेच.

मग चित्रातला माणूस शोधायचा कसा

पोशाखापासून सुरुवात करा. पुणेरी पगडी, पारशी पगडी, कोल्हापुरी फेटा, होळकरशाही पगडी यांवरून निदान प्रांत आणि समाज कळतो. छातीवर पदक असेल तर काम फत्ते व्हायची शक्यता. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या पदकावर राजा आणि राणी दोघांची डोकी आहेत. ते चित्रात असेल तर चित्र त्याआधीचं असूच शकत नाही. हातातलं पुस्तक, टेबलावरचा कागद, मागची इमारत हेही पाहा. चित्रकार उगाच काही घालत नसे. गिऱ्हाईक सांगे ते घाले.

आडनाव हाती लागलं की त्या घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळ आणि माणसांची माहिती छापलेलं पुस्तक, उघडा. मराठीत हा खजिना आहे आणि चित्रं शोधणारे त्याकडे फिरकतच नाहीत. माणूस कुठे नोकरीला होता, रावसाहेब की रावबहादूर, कोणत्या शाळेला देणगी दिली, सगळं एका परिच्छेदात, कधी फोटोसकट. त्यानंतर गावच्या शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका, सार्वजनिक वाचनालयाच्या भिंती, नगरपालिकेचं सभागृह. एकाच चित्रकाराला गावात दोन-चार कामं मिळत. वाचनालयातल्या अध्यक्षांच्या तसबिरीवर तीच सही, पण नीट वाचता येईल अशी, सापडू शकते.

चित्रकाराकडे वळायचं ते आता. ‘शिल्पकार चरित्रकोश’ या ग्रंथमालेचा दृश्यकला खंड, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या (स्थापना १८८८) जुन्या प्रदर्शनांचे कॅटलॉग, जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनाशी संबंधित नोंदी. शोधताना एकाच नावावर अडून बसू नका. इंग्रजी आद्याक्षरांत दुसरं अक्षर बहुधा वडिलांचं असतं. इंग्रजी स्पेलिंग दर कॅटलॉगमध्ये बदलतं. आणि धंद्यावरून पडलेलं नाव वेगळंच असू शकतं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. गोव्याच्या चित्रकारांची नावं पोर्तुगीज वळणाची, त्यांचं काम मात्र मुंबईत, जसे अँटोनियो झेवियर त्रिंदाद. त्यांची चित्रं पाहायची तर पणजीच्या फुंदासांव ओरिएंते या पोर्तुगीज संस्थेत संग्रह आहे.

सही अर्धीच वाचता येते, मग?

टॉर्च बाजूने, जवळजवळ समांतर धरा. रंगाचा उंचवटा सावली टाकतो आणि अक्षर उठतं. फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा. अक्षरावर ओला बोळा फिरवू नका. फ्रेमच्या पट्टीखाली सहीचा उरलेला भाग दडलेला असतो, तोही पाहा.

परदेशातल्या मुलीला भेट पाठवण्याआधी

शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. वय अनिश्चित असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला आधी घ्या. विमानतळावर वाद घालून काही होत नाही. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याच्या प्रती छापून विकायचा हक्क मिळाला, असंही नाही. भारतात हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि पैसे देऊन करवून घेतलेल्या पोर्ट्रेटमध्ये, वेगळा करार नसेल तर, तो मुळात करवून घेणाऱ्याकडे जातो. फेटेवाल्या गृहस्थांचे वारस सापडले तर छपाईचा विषय त्यांच्याशीच काढा. जुना फोटो आल्बमही बहुधा त्यांच्याच कपाटात असेल.