बाजारच्या टोमॅटोचं बी टाकताय? आधी बी चोळा, मग वाफ्याकडे जा

मृग संपत आला, आर्द्रा तोंडावर आहे आणि माझ्या मोबाईलवर दरवर्षीचे तेच फोटो यायला लागलेत. वाफ्यातली टोमॅटो-मिरचीची रोपं आडवी, पानं अजून हिरवीगार, पण मातीला लागून देठ बघा, उकडल्यासारखा आणि दोऱ्याएवढा बारीक झालेला. खाली मेसेज, "कोणती फवारणी घेऊ?" अहो आता कोणतीच नाही, ते रोप गेलं. मी उलटं विचारतो, बी कुठलं? तर बाजारातनं आणलेल्या टोमॅटोचं. टाकायच्या आधी काही चोळलं होतं? नाही. झालं, विषय तिथंच संपला.

पाकिटातलं बी गुलाबी-निळं दिसतं ते शोभेला नाही, बहुतेक वेळा त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून रंग दिलेला असतो. बाजारच्या फळातलं बी मात्र उघडंनागडं, आणि पिथियम, रायझोक्टोनिया या मर रोगाच्या बुरश्या आपल्या मातीत बसलेल्याच असतात, चार दिवस ढग, ओल आणि दाट रोपं मिळाली की त्यांचं काम झालं.

2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला तेव्हा ज्याला त्याला बी टाकायची घाई. आमच्या शेजारच्या काकांनी पिकलेले टोमॅटो सरळ वाफ्यात चुरगाळले आणि वरून माती ओढली. उगवण झकास, गवतासारखी दाट. मग झिमझिम लागली ती थांबेचना, आठवड्यात वाफ्याला गोल गोल टकलं पडली. काका दुकानात गेले ते टॉनिक, ह्युमिक आणि कसलीशी एक बाटली असं साडेअकराशेचं बिल घेऊन आले, त्यात बुरशीवर काम करणारं एकही नव्हतं. दुकानदाराचं काय, समोर जो डबा असतो तो तो देणार, आणि बी टाकायच्या आधी लागणारी पुडी स्वस्त म्हणून तिचं नावसुद्धा निघत नाही.

आता बी कशाचं धरायचं. भेंडी, काकडी, दोडका, वांगं आपण कोवळं खातो, त्यातलं बी कच्चं, उगवणार नाही, उगाच वाट बघू नका. पूर्ण लाल टोमॅटो, लाल झालेली मिरची, लाल भोपळा, पिवळं पडून तडकायला आलेलं कारलं, हे चालतं. किराण्यातली मेथी चालते, धनेही चालतात पण चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा आणि रातभर भिजवा. बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरितच असतो, त्याच्या बियांची झाडं एकसारखी येणार नाहीत, कुठं लांबट फळ कुठं गोल, कुठं रोगाला लगेच बळी, म्हणून परसबागेला ठीक, पण एकरभर लावून मार्केटला न्यायचं स्वप्न बघू नका. आणि दुधी, काकडीचं घरचं बी असेल तर पहिलं फळ कापून जिभेला लावून बघा, कडू लागलं तर थुंका आणि फळ फेकून द्या. कडू दुधीच्या रसानं माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

टोमॅटोचा गर ग्लासात काढा, थोडं पाणी, एक-दोन दिवस आंबू द्या, रोज ढवळा. बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो, चांगलं बी खाली बसतं. धुवा, ताटलीत सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं.

आणि आता तेच, बीजप्रक्रिया, म्हणजे टाकायच्या आधी बियाला औषध चोळणं. शिफारस अशी: किलोभर बियाला थायरम 3 ग्रॅम किंवा ट्रायकोडर्मा 5 ग्रॅम. दोन्ही एकदम नाही, थायरम बुरशी मारतं आणि ट्रायकोडर्मा ही पण बुरशीच आहे, फक्त आपल्या कामाची. पण तुमच्याकडे बी असतं पाच ग्रॅम, ज्यात गुंठाभर लागवड होते, त्याला थायरम काट्यावर मोजता येणार नाही इतकं कमी बसतं आणि लोक चमचाभर ओततात. म्हणून घरगुतीला ट्रायकोडर्माच घ्या, थोडा जास्त पडला तरी बी मरत नाही. बाटलीत बी, गुळाच्या पाण्याचे दोन थेंब, चिमटीभर पावडर, हलवा, सावलीत अर्धा तास, लगेच टाका. पुडीवरची एक्सपायरी बघा, तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेला ट्रायकोडर्मा मेलेला असतो.

बाकीची कामं:
- गादीवाफा 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 15 सेंमी उंच
- कुजलेलंच शेणखत, ओलं शेण नको
- ओळीत 10 सेंमी अंतर, बी 1 सेंमी खोल
- बारीक नायलॉन जाळी, पांढरी माशी आत येऊ नये म्हणून
- पाणी झारीनं, सकाळी
- 4-5 आठवड्यांनी रोपांची लागवड, दुपारी चारनंतर

उगवल्यावर दाट ओळी विरळ करा, जीव तुटतो पण करा. तंबाखू मळलेल्या हातानं रोपाला शिवू नका, मोझॅकचा व्हायरस हातावरून येतो. मी वाफ्यावर चुलीची चाळलेली राख पातळ भुरभुरतो, त्यानं मर कमी दिसते, शास्त्र विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही.

रोपं पडायला लागलीच असतील तर पाणी बंद, पडलेली मातीसकट उपटून बाहेर, आणि उरलेल्यांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम, आळवणी करा म्हणजे मुळाशी ओता, फवारणी नाही. टॉनिक घेऊ नका.

आत्ता आकाश बघता आठवडाभर उघडीप दिसत नाही. ज्यांचं बी वाळून ताटलीत तयार आहे आणि घरात ट्रायकोडर्माची पुडी नाही, त्यांनी आज पेरू नका. कागदी पाकिटात, कोरड्या डब्यात ठेवा, टोमॅटोचं बी दोन-तीन वर्षं कुठं जात नाही.