प्रक्षेपणाच्या रात्री रेडिओत नुसतीच खरखर? या चुका टाळा

उलटी गणना शून्यावर येते, पडद्यावर ज्वाळांचा लोळ उठतो आणि शेजारी ठेवलेल्या रेडिओतून मात्र तीच खरखर. रॉकेटांचे आणि उपग्रहांचे रेडिओ सिग्नल घरबसल्या ऐकण्याच्या छंदात अशा वेळी नवख्या माणसाचा पहिला संशय रॉकेटवर जातो. माझाही जायचा. बऱ्याच रात्री वाया गेल्यावर मी संशयाची रांग उलटी लावली: आधी मी, मग घड्याळ, मग केबल, मग सॉफ्टवेअर आणि रॉकेट सगळ्यात शेवटी. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत. काही तर एकापेक्षा जास्त वेळा केलेल्या.

घड्याळ आणि तारीख

प्रक्षेपणाच्या वेळा बहुतेक ठिकाणी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत मिळतात. गफलत तासांची कमी आणि तारखेची जास्त होते. यूटीसी २०:४५ म्हणजे पूर्वेकडच्या अनेक देशांत तारीख पालटलेली असते. मी एकदा ही तारीख दोनदा पुढे ढकलली. पहाटे अलार्म लावून उठलो आणि आकाशाकडे अँटेना रोखून बसलो, तेव्हा रॉकेट उडून बरोबर चोवीस तास झाले होते. आता रेडिओशेजारी यूटीसी दाखवणारं वेगळं घड्याळ असतं आणि वहीत दुसरी कुठलीही वेळ मी लिहीत नाही.

दुसरी गफलत म्हणजे लाँच विंडो (ज्या कालावधीत उड्डाण होऊ शकतं तो) उघडण्याची वेळ हीच उड्डाणाची वेळ समजणं. नासाच्या आर्टेमिस-१ या चंद्रमोहिमेची दोन तासांची विंडो १६ नोव्हेंबर २०२२ रोजी यूटीसी ६:०४ ला उघडली. पण हायड्रोजन गळत होता म्हणून माणसं थेट पॅडवर जाऊन बोल्ट आवळून आली, रडारच्या बाजूला एक नेटवर्क स्विच बदलावा लागला आणि उड्डाण झालं ६:४७ ला. मधल्या काळात ‘टी वजा’चं, म्हणजे उलट्या गणनेचं घड्याळ दहा मिनिटांवर थांबून होतं. हे घड्याळ ठरवून घेतलेल्या विरामांतही थांबतं, ‘एल वजा’चं, म्हणजे उड्डाणाला खरोखर उरलेला वेळ दाखवणारं थांबत नाही. पडद्यावर दिसणारं घड्याळ यातलं कुठलं आहे ते आधी पाहून घ्या. नाहीतर ‘अजून दहा मिनिटं आहेत’ म्हणून चहा टाकायला जाल आणि तेवढ्यात विराम संपलेला असेल.

संगणकाचं घड्याळही इंटरनेटवरून जुळवून घ्या. पृथ्वीजवळच्या कक्षेतली वस्तू सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर धावते. तुमचं घड्याळ एक मिनिट चुकलं तर सॉफ्टवेअर अँटेना वळवायला सांगेल ती साडेचारशे किलोमीटर चुकीच्या जागी.

जुन्या याद्या, मोठ्या अपेक्षा

फ्रिक्वेन्सींच्या याद्या मरत नाहीत, एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. अजूनही कोणीतरी मोठ्या आशेने २५९.७ मेगाहर्ट्झवर स्पेस शटलचा आवाज शोधत असतो. शटलचं शेवटचं उड्डाण जुलै २०११ मध्ये झालं. शटलच्या काळात नासाच्या गोडार्ड केंद्रातला हौशी रेडिओ क्लब मोहिमेचा आवाज १४.२९५ मेगाहर्ट्झ आणि इतर शॉर्टवेव्ह फ्रिक्वेन्सींवर पुन्हा प्रसारित करायचा, त्याही अशा याद्यांत सापडतात. रशियाचं मीर अंतराळ स्थानक तर मार्च २००१ मध्येच समुद्रात गेलं. यादी हातात आली की आधी तिच्यावरची तारीख शोधायची. तारीखच नसेल तर यादी बाजूला ठेवायची.

यापेक्षा मोठा भ्रम असा की रॉकेट उडताना त्याचं ‘बोलणं’ साध्या रिसीव्हरवर ऐकता येतं. आजची बहुतेक मोठी रॉकेटं आपली माहिती २२०० ते २२९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डिजिटल स्वरूपात पाठवतात. यूएसबीला लावायचा स्वस्त एसडीआर डोंगल (संगणकातल्या सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रिसीव्हर) साधारण १,७०० मेगाहर्ट्झच्या थोडं वरपर्यंतच पोचतो. म्हणजे डाऊनकन्व्हर्टर (वरची फ्रिक्वेन्सी खाली आणणारं उपकरण) किंवा वरच्या पट्ट्याचा एसडीआर आणि एखादी छोटी डिश, एवढं नसेल तर त्या पट्ट्यात शोधाशोध करणं व्यर्थ. २०२१ मध्ये काही हौशी मंडळींनी स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटच्या वरच्या टप्प्याचा सिग्नल उकलून त्यातली कॅमेऱ्याची चित्रंसुद्धा बाहेर काढली होती. त्यानंतर तो सिग्नल सांकेतिक झाला. त्या वेळचे लेख वाचून आज कोणी तेच करायला बसला तर हाती काही लागणार नाही.

आणि क्षितिजाचं गणित कोणी करतच नाही. २०० किलोमीटर उंचीवरची वस्तू जास्तीत जास्त सोळाशे किलोमीटरवरूनच क्षितिजावर दिसते. प्रक्षेपणस्थळ त्याहून लांब असेल तर पहिल्या काही मिनिटांत तुमच्या रेडिओत काहीही येणार नाही. मात्र फ्लोरिडातून ईशान्येकडे सुटलेलं रॉकेट वीसेक मिनिटांत युरोपच्या डोक्यावर असतं. तेव्हा उड्डाणाचा क्षण सोडा आणि आपल्या आकाशात ते कधी उगवेल ते काढा.

नवख्याने सुरुवात कशापासून करावी? मी सांगेन, रॉकेटसोबत गेलेल्या क्यूबसॅट या छोट्या उपग्रहांपासून. त्यांचे बीकन (ओळख देणारे सिग्नल) बहुधा ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात असतात आणि त्यांची माहिती उघड असते. फक्त एक ध्यानात ठेवा: रॉकेटपासून सुटल्यावर हे उपग्रह लगेच बोलत नाहीत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांना अर्धा-पाऊण तास गप्प राहावं लागतं. ‘सुटला पण सिग्नल नाही, मेला बहुतेक’ असं पाचव्या मिनिटाला जाहीर करणारे दर मोहिमेला भेटतात.

रेघ वाकडी आहे की सरळ?

या छंदात एकच गोष्ट शिकायची असेल तर डॉप्लर, म्हणजे वस्तूच्या वेगामुळे तिच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी सरकणं, शिका. येणाऱ्या उपग्रहाची फ्रिक्वेन्सी थोडी वर सरकलेली असते, डोक्यावरून जाताना ती झपाट्याने उतरते आणि जाताना खाली राहते. १४५.८ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन किलोहर्ट्झ असतो, ४३७ वर सुमारे दहा. अचूक छापील आकड्यावर रिसीव्हर खिळवून, अरुंद फिल्टर लावून बसणारा माणूस ४३७ वर जेमतेम मधली काही सेकंदं ऐकतो.

पण डॉप्लर म्हणजे नुसती कटकट नव्हे, तीच ओळखही आहे. वॉटरफॉलवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सरकत्या सिग्नल-चित्रावर, सिग्नलची रेघ वाकडी, पसरट ‘एस’सारखी उतरत असेल तर ती वस्तू वर फिरते आहे. रेघ ताठ असेल तर ती बहुधा तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरची किंवा एलईडी दिव्याची. मी अशीच एक सुंदर ताठ रेघ तब्बल तीन रात्री ‘उपग्रह’ म्हणून नोंदवली होती. इथे एक गंमत मात्र आहे: सॉफ्टवेअरमधली डॉप्लर दुरुस्ती चालू असेल तर चित्र नेमकं उलटं होतं. उपग्रहाची रेघ ताठ येते आणि चार्जरची वाकते. दुरुस्ती चालू आहे की बंद हे माहीत नसताना निष्कर्ष काढणं म्हणजे आरसा कुठे आहे ते न बघता डावा-उजवा हात ओळखणं.

आशय सांकेतिक असला तरी डॉप्लर लपवता येत नाही, हे मला या छंदातलं सगळ्यात आवडतं. २०१९ मध्ये चांद्रयान-२चा विक्रम लँडर चंद्रावर उतरत होता, तेव्हा नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या २५ मीटरच्या जुन्या रेडिओ दुर्बिणीवरून त्याच्या सिग्नलचा डॉप्लर आलेख टिपला जात होता. आलेख पुढे जात राहिला आणि एका क्षणी तुटला. त्यात विक्रमची कुठलीही माहिती उकललेली नव्हती, फक्त फ्रिक्वेन्सी होती.

त्याच्याही कितीतरी आधी, १९६६ मध्ये, इंग्लंडमधल्या केटरिंगच्या शाळेतले शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी सोव्हिएत कॉसमॉस उपग्रहांचे सिग्नल ऐकून वेळा नोंदवत होते. त्या नोंदींवरून उपग्रहांचे मार्ग मागे मागे नेत त्यांनी प्लेसेत्स्क हे सोव्हिएत संघाने जाहीर न केलेलं प्रक्षेपणस्थळ जगापुढे आणलं. उपकरणं साधीच होती. वेळेच्या नोंदी मात्र चोख होत्या.

रिसीव्हरच्या बारीकसारीक खोड्या

गेन (रिसीव्हरने सिग्नल किती मोठा करायचा ते) पूर्ण वर नेऊन ठेवणं ही सगळ्यांची चूक. जवळच्या एफएम केंद्राचा जोर एवढा असतो की डोंगल गुदमरतो, नसलेले सिग्नल दिसायला लागतात आणि असलेला कमजोर सिग्नल बुडतो. गेन हळूहळू वाढवा. खरखर वाढते आहे पण सिग्नल वाढत नाही असं दिसलं की एक पायरी मागे या. पडद्याच्या बरोबर मध्यावर उभी राहणारी टोकदार रेघ डोंगलची स्वतःची असते, म्हणून हवी ती फ्रिक्वेन्सी मध्यावर न ठेवता थोडी बाजूला ठेवा. स्वस्त डोंगल गरम होईपर्यंत त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, तेव्हा तो अर्धा तास आधी चालू करा आणि एखाद्या ओळखीच्या स्टेशनवर पीपीएमची (फ्रिक्वेन्सीतल्या चुकीची) दुरुस्ती करून घ्या.

हँडसेटवर, म्हणजे हातातल्या रेडिओवर ऐकत असाल तर स्क्वेल्च (ठराविक जोराखालचा आवाज दाबून टाकणारी सोय) पूर्ण उघडा. कमजोर सिग्नल स्क्वेल्चचं दार ढकलू शकत नाही आणि आपण बाहेर शांतता आहे असं समजून बसतो. हँडसेटबरोबर येणारी रबरी अँटेना काढून ठेवा. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबी साधारण ५१ सेंटीमीटर येते, तेवढ्या लांबीच्या दोन तारांचा घरगुती डायपोलही तिच्यापेक्षा चांगलं ऐकतो.

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे रंगीत तालीम. आदल्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८२५ वर त्याचे डिजिटल पॅकेट ऐकून बघा, ती यंत्रणा बहुतेक वेळा चालू असते. ते ऐकू आले तर तुमची अँटेना, केबल, घड्याळ आणि सॉफ्टवेअर सगळं एकदम तपासून झालं. नाही आले तर उद्या नवा उपग्रह ऐकू येण्याची आशा कशाच्या जोरावर?

कक्षेची माहिती देणारी टीएलई ताजी हवी. नव्या उपग्रहांसाठी पहिले काही दिवस ती कच्चीच असते. एकाच रॉकेटवरून पाच-पन्नास वस्तू सुटतात आणि यादीत त्यांची नावं ‘ऑब्जेक्ट ए’, ‘ऑब्जेक्ट बी’ अशी राहतात. तुमचा उपग्रह यादीतल्या वेळेच्या मिनिटभर आधी किंवा नंतर आला तर दचकू नका, दोन्ही बाजूंना दोन-तीन मिनिटं जादा ऐका.

आणि फक्त ऐका. प्रसारणासाठी परवाना लागतो. १४५.८०० ही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची खाली बोलण्याची फ्रिक्वेन्सी आहे, तिथे बटण दाबून ‘हॅलो’ म्हणणारे सगळ्यांचा बट्ट्याबोळ करतात. ऐकलेलं दुसऱ्याला सांगण्यावरही काही देशांत बंधनं आहेत, आपल्या देशाचे नियम बघून घ्या.

पडद्यावरचं

थेट प्रसारण ‘थेट’ नसतं. इंटरनेटवरून येणारं चित्र वीस-तीस सेकंद, कधी मिनिटभरही मागे असतं. पडद्यावर टप्पा सुटताना दिसला म्हणून वहीत त्या क्षणाची वेळ लिहिली तर ती चुकीचीच असणार. निवेदकाने सांगितलेली मोहिमेची वेळ लिहा, आपल्या घड्याळाची नको.

चित्र गोठलं, आकडे थांबले, तरी घाबरू नका. रॉकेट एका भूस्थानकाच्या क्षितिजाखाली जाऊन दुसऱ्याच्या टप्प्यात येईपर्यंत संपर्क तुटणं ठरलेलंच असतं. समुद्रातल्या जहाजावर बूस्टर उतरतो तेव्हा कधीकधी नेमक्या क्षणी चित्र जातं, कारण इंजिनाच्या हादऱ्यांनी जहाजावरच्या अँटेनाचा उपग्रहाशी असलेला दुवा तुटतो. अशा वेळी चित्र सोडून आवाजाकडे लक्ष द्या. नियंत्रण कक्षातून ‘नॉमिनल’ हा शब्द येत असेल तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय.

खोट्या प्रसारणांपासून सावध राहा. स्पेसएक्सने २०२३ पासून आपलं प्रसारण एक्सवर नेलं. यूट्यूबवर तिच्या नावाने ‘लाइव्ह’ दिसणाऱ्या आणि कोपऱ्यात क्यूआर कोड ठेवून क्रिप्टो दुप्पट करून देणाऱ्या वाहिन्या भामट्यांच्या आहेत. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून दुवा उघडा, शोधयंत्रातून नको.

स्वतः चित्रण करणार असाल तर फोकस आधीच दूरच्या दिव्यावर किंवा ताऱ्यावर लावून कुलूपबंद करा. काळ्या आकाशात ऑटोफोकस नेमका ज्वाळा उठताना चाचपडायला लागतो. दहा किलोमीटरवरून आवाज पोचायला जवळपास अर्धा मिनिट लागतो, तेव्हा ‘माइक बिघडला’ म्हणून मध्येच रेकॉर्डिंग थांबवू नका.

नोंद

एसडीआरचं कच्चं रेकॉर्डिंग जरूर करा, सिग्नल नंतर निवांत शोधता येतो. पण जागा मोजून. सेकंदाला २४ लाख नमुने या वेगाने दहा मिनिटांत जवळजवळ ३ गिगाबाइट भरतात. लॅपटॉपची आपोआप झोपी जायची सोय बंद करा. माझा लॅपटॉप एकदा उपग्रह उगवण्याच्या दोन मिनिटं आधी झोपला आणि मी त्याच्या पडद्याकडे बघतच होतो.

डिसेंबर १९६१ मध्ये ऑस्कर-१ हा पहिला हौशी उपग्रह १४४.९८३ मेगाहर्ट्झवर मोर्समध्ये नुसतं ‘हाय’ म्हणत फिरत होता आणि २८ देशांतल्या ५७० हून अधिक लोकांनी त्याच्या नोंदी पाठवल्या. त्या ‘हाय’च्या वेगावरून उपग्रहाचं तापमान कळत होतं. आजही क्यूबसॅट बनवणारे विद्यार्थी पहिल्या काही फेऱ्यांत अशाच नोंदींची वाट बघत असतात. कळवताना यूटीसी वेळ, आपलं ठिकाण, फ्रिक्वेन्सी आणि अँटेना लिहा. काहीच ऐकू आलं नाही तर तेही लिहा, पण उपकरणं तपासून मगच.

माझ्या वहीत ‘काही नाही’ अशा नोंदीच जास्त आहेत. त्यातल्या निम्म्यांपुढे नंतर पेन्सिलीने कारण लिहिलंय: स्क्वेल्च.