नाल्यात, नदीत पाणी किती वाहतंय ते मोजायचं कसं (आणि थर्माकोल काऊन टाकायचा नाही)

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आन् नाग नदी लोकांच्या घरात घुसली, तेव्हापासून पाऊस लागला की आमच्याकडे एकच प्रश्न, पाणी किती चढलं? उत्तर ठरलेलं, "लय चढलं". अरे पण लय म्हणजे किती?

पाण्याची पातळी वाचायची पट्टी काठाच्या भिंतीवर उन्हाळ्यातच रंगवून घ्या. पक्की भिंत, ऑइल पेंट, दर १० सेंमीला खूण, शून्य तळाच्या थोडं खालीच. रोज सकाळी ८ चं रीडिंग, पावसात तासातासाला, वेळेसकट वहीत. झालं.

जागा मात्र पुलाला चिकटून नको. पुलाखाली पन्न्या न् कचरा अडकला की मागे पाणी तुंबते, पातळी चढते आणि प्रवाह असतो तेवढाच. सरळ, एकसारखा १० मीटरचा पट्टा शोधा. पाणी कमी असताना वरून बांबू टाकून दर मीटरला खोली मोजा, सरासरी खोली गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ. नदीसफाईत गाळ काढला की हे सगळं परत मोजायचं, आळस करू नका.

क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे प्रवाह. आता वेग, इथेच मी दोन पावसाळे वाया घालवले. कोणीतरी सांगितलं थर्माकोलचा तुकडा सोड न् घड्याळ लाव. थर्माकोल पाण्यावर नुसता तरंगतो, त्याला वारा ढकलतो, म्हणजे मी पाणी नाही तर वारा मोजत होतो आणि एकदा तर तो चक्क उलटा आला! संत्रं टाका, ते जवळपास सगळं बुडून वाहते, वाऱ्याला पकडायला काही उरतच नाही. पावसाळ्यात संत्रं कुठलं, तर बाटलीत पाणी भरून झाकण लावा, नुसतं बूच वर दिसलं पाहिजे. मोजणीच्या रेषेच्या ४-५ मीटर आधीच सोडा, वेग धरू द्या. मधे, डावीकडे, उजवीकडे मिळून सहा वेळा तरी सोडा, काठाला अडकलेलं रीडिंग सरळ खोडा. बाटली परत घ्यायची, नदीत पन्न्या आधीच कमी नाहीत.

अजून एक, वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळते कारण तळ पाण्याला अडवतो, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणायचंच. हे न करता आकडे ग्रुपवर टाकणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे. रुंदी ६ मीटर, खोली अर्धा मीटर, १० मीटरला २० सेकंद लागले, तर क्षेत्रफळ ३, वेग सेकंदाला ०.५ मीटर, ३ × ०.५ × ०.८५ म्हणजे सेकंदाला साधारण १.२७ घनमीटर, म्हणजे ४५ क्युसेक (सेकंदाला घनफूट).

वेगवेगळ्या पातळ्यांना असं आठ-दहा वेळा करून पातळी न् प्रवाहाचा आलेख काढला की मग नुसती पट्टी वाचली तरी भागते. पुरात बाटली घेऊन काठावर जायचं नाही, पट्टी टॉर्चनं लांबून दिसते.