इकडचं डिझेल टाकी फुल करून हिवाळ्यात लडाखला नेऊ नका

जालना, लातूर, नांदेडकडून हिवाळ्यात काश्मीर-लडाखची भाडी मारणाऱ्या भावांनो, परभणीत कितीही कडाका पडला तरी आपलं डिझेल सहसा गोठत नाही, म्हणून तिकडं पण चालंल असं धरू नका. लई थंडीत डिझेलमधलं मेण सुटतं अन् फिल्टर चोक होतो, गाडी सकाळी स्टार्ट होते, थोडी चालते अन् पिकअप सोडून बंद पडते, मग सेल्फ मारत बसलं की बॅटरी पण जाते. त्यामुळं इकडचं डिझेल खालीच संपवत न्यायचं अन् घाट चढायच्या आधी विंटर डिझेल भरायचं, इंडियन ऑइलनं 2019 ला लडाखसाठीच काढलंय, उणे 33 डिग्रीपर्यंत वाहतं राहतं. कोणत्या पंपावर मिळतं ते तिकडच्या ड्रायव्हरला विचारा. अँटी-जेल (डिझेल गोठू नये म्हणून टाकीत टाकायचं औषध) टाकायचं तर गारठ्याच्या आधी टाका, मेण सुटल्यावर त्याचा उपयोग नाही. वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) रोज ड्रेन करा, नवा फिल्टर जवळ ठेवा. गोठलंच तर फिल्टरला फडकं गुंडाळून वायरिंग सांभाळत गरम पाणी हळूहळू ओता. टाकीखाली जाळ अजिबात करायचा नाही! अन् बीएस-6 गाडीच्या डिझेलमध्ये रॉकेल पण मिसळू नका, पंप-इंजेक्टरची वाट लागते.