हापूसच्या पेटीत कांदे, ट्रंकेवर बैठक: भंगारातून घरातलं स्टोरेज

आमचं घर नवी मुंबईत घणसोलीला, वन बीएचके, माणसं चार आणि सामान आठ जणांचं. मॉड्युलर फर्निचरवाल्याचं कोटेशन बघून मी गप्पच बसले, म्हटलं राहू दे, आधी जुन्या वस्तूंत काय जमतंय ते बघू. दोन वर्षांत बरंच जमलं, काही फसलंही, दोन्ही सांगते.

पहिलं म्हणजे टेप. वस्तू बघायला जायच्या आधी घरातली जागा मोजा आणि तिथे जे ठेवायचंय ते जमिनीवर रचून त्याचंही माप घ्या. मी उलटं केलं. कोपरखैरण्यात एका भंगारवाल्याकडे पत्र्याची जुनी ट्रंक दिसली, कोपरे मजबूत, कडी शाबूत, बघताक्षणी आवडली. पलंगाखाली जागा 12 इंच, ट्रंक 11 इंच, वा! घरी आणली, रंग दिला, चाकं लावली, ढकलली तर पलंगाच्या पट्टीवर ठण्णकन आदळली, कारण चाकांसकट उंची झाली साडेतेरा आणि ते गणित डोक्यातच आलं नव्हतं. नवरा काही बोलला नाही, नुसता टेप आणून हातात दिला. आता ती ट्रंक दाराशी असते, वर गोधडीची घडी, बसून चपला घालायच्या, आत गणपतीच्या डेकोरेशनचं सामान.

पण ट्रंकेचं काम तसं सोपं आहे. गंज आधी तारेच्या ब्रशने आणि मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा, कोरड्या फडक्याने पुसा, रेड ऑक्साईड प्रायमरचा हात द्या, एक दिवस वाळू द्या आणि मग ऑईल पेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ येतात. चाकं लावायची असतील तर थेट पत्र्यात बोल्ट घालू नका, पत्रा पातळ असतो, भरलेली ट्रंक दोनदा ओढली की भोक मोठं होऊन चाक हातात येतं. तळाला आतून 12 एमएम प्लायचा तुकडा टाकायचा, बोल्ट प्लाय आणि पत्रा दोन्हीतून आरपार, आणि आत वायसर लावून नट. प्लाय सुताराकडे उरलेल्या तुकड्यांत मिळून जातो. आणि हो, भंगारवाला घेताना वजनावर घेतो आणि विकताना नगावर, तेव्हा घासाघीस करायला लाजू नका.

लाकडी वस्तू घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. मला एक चार ड्रॉवरचं कपाट मिळालेलं, शिसवी म्हणे, आठ दिवसांनी खाली पिठासारखा भुगा. बारीक गोल भोकं आणि खाली ताजा भुगा दिसला म्हणजे किडा आत जिवंत आहे, ती वस्तू सोडून द्या. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर वाळवीने आतून खाल्लेलं असू शकतं. गादी लावलेली जुनी खुर्ची-सोफा तर मी घेतच नाही, शिवणीत ढेकूण आहेत का ते दुकानातल्या उजेडात कळत नाही आणि घरात एकदा आले की मग रडा.

जुना रंग असेल तर अजून एक. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं, म्हणजे विषारी लेडचं, प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवायचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. त्यामुळे जुना रंग कोरडा खरवडू नका, पाणी मारून वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, मुलांना दूर ठेवा आणि खालचा राडा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता माझी लाडकी वस्तू, हापूसची पेटी. हल्ली आंबा पुठ्ठ्याच्या बॉक्समध्येही येतो पण लाकडी पेट्या अजून दिसतात, मे महिन्यात फळवाल्याला नुसतं विचारून ठेवा, दोन वडापावच्या पैशांत देतो. मी तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधून दोन आणल्या, ट्रान्स हार्बर लोकलच्या लगेज डब्यातून, एका काकांनी विचारलं आंबे कुठेत? फळ्या खरखरीत असतात, कुसळ बोटात घुसतं, म्हणून आधी 80 नंबर आणि मग 120 नंबरचा पॉलिश पेपर. खिळ्यांची बाहेर आलेली टोकं ठोकून वाकवा. दोन पेट्या आडव्या, तोंड समोर करून एकावर एक ठेवा आणि चार छोट्या नट-बोल्टने जोडा, नुसता फेविकॉल पुरत नाही. खाली दोन इंची ठोकळे लावा, पावसाळ्यात फरशीला पाणी सुटतं ते लाकडाने प्यायला नको. वरच्यात कांदे, खालच्यात बटाटे. एकाच खणात टाकू नका, लवकर खराब होतात. फळ्यांमधल्या फटी बुजवायच्या नाहीत, हवा खेळते तीच तर मजा आहे. आतून रंग-पॉलिश काही नको.

पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, आपल्याकडे भरपूर, एका बाजूला न्हावा-शेवाचं बंदर आणि दुसरीकडे रबाळे, महापे, तुर्भेची एमआयडीसी. पण घ्यायच्या आधी शिक्का बघा. परदेशी माल वाहणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि अक्षरं असतात, एचटी (HT) असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं. एमबी (MB) असेल तर मिथाइल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तर तेलाचे, केमिकलचे डाग आणि वास बघा, शंका आली की सोडा. पॅलेट उकलायच्या नादी लागू नका, फळ्या फाटतात आणि पाठही धरते. अख्खं उभं करा, आडव्या फळ्यांच्या मधल्या फटींत खालून एकेक पट्टी मारा, झाला चपलांचा रॅक. फक्त भिंतीला दोन एल अँगलने नक्की बांधा, साधारण चार फुटांचं वजनदार धूड आहे, मूल लटकलं तर अंगावर येईल. भिंतीत ड्रिलने भोक, त्यात गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग), मग स्क्रू.

रंगकाम मात्र जूनच्या आत उरका नाहीतर दसऱ्यानंतर काढा. मी एका स्टुलाला भर जुलैत ऑईल पेंट दिलेला, वरून वाळल्यासारखा दिसायचा, गणपतीत पाहुणे आले, मोठे काका त्यावर बसले आणि आरतीला उठले तर स्टूलही थोडं बरोबर उठलं.